एका तारेचा हिशेब

उर्दूत वायरलेसला ‘लासिलकी’ म्हणतात. ‘ला’ म्हणजे नाही आणि ‘सिल्क’ म्हणजे धागा किंवा तार. मराठीत आपण त्यालाच ‘बिनतारी’ म्हणतो. दोन्ही शब्दांची घडण सारखीच. दोन्ही शब्द काय नाही तेवढे सांगतात, काय आहे ते सांगत नाहीत. तारायंत्राला जुन्या उर्दूत ‘तारबर्की’ म्हणत. बर्क म्हणजे आकाशात कडाडणारी वीज. तारेतून धावणारी वीज ती तारबर्की, आणि तार काढून टाकली की लासिलकी. मग वीज जाते कशातून, हा प्रश्न शब्दात मावत नाही.

मी भाषेचा शिक्षक आहे, विज्ञानाचा नाही. पण विज्ञान प्रदर्शन आले की फलक लिहायला, शुद्धलेखन तपासायला भाषेच्या शिक्षकालाच बोलावतात. त्यामुळे गेली काही वर्षे मी हे फलक बारकाईने वाचतो आहे. त्यांत दोन प्रयोग हमखास असतात. एकात तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते, खाली छोटी बॅटरी असते, आणि गुंडाळीजवळ नुसता हातात धरलेला सीएफएल बल्ब पेटतो. दुसऱ्यात एकाच तारेच्या टोकाला लावलेला एलईडी पेटतो, दुसरी तार कुठे दिसतच नाही. फलकावर लिहिलेले असते, ‘तारेविना वीज’, ‘मोफत वीज’, किंवा ‘टेस्लाचे दडपलेले संशोधन’.

हे प्रयोग खरे आहेत. बल्ब खरोखर पेटतो आणि मुलांनी तो स्वतःच्या हाताने पेटवलेला असतो. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून उरलेली तार मागून आणायची, जुन्या टीव्हीतून ट्रान्झिस्टर काढायचा, व्हिडिओ बघून जोडणी करायची, यात कष्ट आहेत, अक्कल आहे. पण ‘मोफत’ आणि ‘दडपलेले’ हे दोन शब्द मला खटकतात. त्यांच्यामागे एक इतिहास आहे, तो आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. आणि तो न सांगण्याची किंमत प्रदर्शनाच्या टेबलावर नाही, शिवारात मोजावी लागते. म्हणून हा लेख.

जमीन हीच दुसरी तार

विजेला जायला एक वाट लागते आणि परत यायला दुसरी. बॅटरीचे एक टोक बल्बला लावून भागत नाही, दुसरे टोकही लावावे लागते. सुरुवातीची तारायंत्रे म्हणूनच दोन किंवा त्याहून जास्त तारांची होती. 1838 मध्ये म्युनिकच्या कार्ल ऑगस्ट श्टाइनहाइलने दाखवून दिले की परतीची तार काढून टाकली तरी चालते. तिच्या दोन्ही टोकांच्या जागी जमिनीत धातूचे पत्रे पुरले की वीज जमिनीतून परत येते. तारेचा अर्धा खर्च वाचला. पुढे जगभरच्या तारायंत्रांनी हीच पद्धत उचलली. खांबावर दिसणारी तार एक, आणि न दिसणारी दुसरी पायाखाली.

हिंदुस्थानात हा खेळ सुरू केला एका डॉक्टरने. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा. तारायंत्र हे काही त्याच्या नोकरीचे काम नव्हते. 1839 मध्ये त्याने कलकत्त्यात बांबूंवर सुमारे 21 मैल लांबीचा वीजमार्ग उभारला आणि त्यात जवळपास 7,000 फूट मार्ग हुगळी नदीच्या पाण्याचा होता. संदेश घेणारा माणूस बोटांना बसणाऱ्या हलक्या झटक्यांवरून खुणा ओळखत असे. दहा वर्षांनी त्याने नदीच्या या काठावरून त्या काठावर धातूच्या तारेशिवाय, फक्त पाण्यातून संदेश पाठवून पाहिला. तो पोहोचला, पण त्यासाठी त्याला अडीचशे सेलची बॅटरी लावावी लागली. एवढा खर्च परवडणारा नाही, असे ठरवून त्याने तो नाद सोडला.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बिनतारी वीज पाठवता येते का, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशात पावणेदोनशे वर्षांपूर्वी ‘हो’ असे मिळाले होते. पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला, पाठवलेल्यातली पोहोचते किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चमत्कारासारखे वाटते. दुसऱ्याचे उत्तर वाण्याच्या वहीसारखे असते. टेस्लापासून आजच्या व्हिडिओपर्यंत सगळा इतिहास या दोन प्रश्नांचा आहे.

ओशॉनेसी पुढे हिंदुस्थानच्या तार खात्याचा प्रमुख झाला आणि 1855 च्या फेब्रुवारीत तारसेवा लोकांसाठी खुली झाली. आपल्या गावांत ‘तार आली’ म्हटले की बायका आधी रडायला लागत आणि मग कागद वाचायला कुणाला तरी शोधत. ती तार एका तारेवरून आणि मातीतून येत होती, हे कुणाच्या गावीही नव्हते. 2013 च्या जुलैमध्ये ही सेवा बंद झाली. आता आठवीच्या वर्गात ‘तार’ हा शब्द आला तर मुलांना कपडे वाळत घालायची तार आठवते.

टेस्ला आणि मीटरची गोष्ट

20 मे 1891 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात निकोला टेस्लाने विद्युत अभियंत्यांसमोर एक व्याख्यान दिले. अतिशय वेगाने दिशा बदलणारी, अतिउच्च दाबाची वीज त्याने तयार केली होती. त्या विजेवर एकाच तारेला लावलेला दिवा पेटला. दोन धातूच्या पत्र्यांमध्ये नुसत्या धरलेल्या, कशालाही न जोडलेल्या काचेच्या नळ्या उजळल्या. प्रदर्शनात आमची मुले जे दाखवतात ते हेच, फक्त लहान आकारात.

1899 मध्ये टेस्ला कोलोराडो स्प्रिंग्जला गेला आणि प्रयोगशाळेत कृत्रिम विजांचा कडकडाट केला. पृथ्वी हीच तार मानायची, तिला एका ठिकाणी हलवायचे आणि दुसरीकडे वीज काढून घ्यायची, अशी त्याची कल्पना होती. 1901 मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथे त्याने मोठा मनोरा उभारायला घेतला. त्यासाठी बँकर जे. पी. मॉर्गनने दीड लाख डॉलर दिले होते. त्याच वर्षी 12 डिसेंबरला मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला संदेश पकडल्याचे जाहीर केले, तेही टेस्लाच्या मनोऱ्याच्या मानाने किरकोळ सामग्रीवर. टेस्लाने आणखी पैसे मागितले, मॉर्गनने नकार दिला. 1917 मध्ये अर्धवट मनोरा पाडून भंगारात गेला.

मुलांच्या फलकावर यातली एकच ओळ येते: ‘मीटर कुठे लावणार?’ असे विचारून मॉर्गनने जगाची मोफत वीज बंद पाडली. गोष्ट ऐकायला झकास आहे. गरिबाला ती लगेच पटते, कारण वीजबिलाचा कागद त्याच्या हातात असतो. पण असा संवाद झाल्याचा पुरावा नाही. मॉर्गनने पैसे दिले होते ते मुळात संदेश पाठवण्याच्या कामासाठी. चाळीस किलोमीटरवरचे दोनशे दिवे टेस्लाने तारेविना पेटवले, असेही सांगतात. कोलोराडोत त्याने स्वतः लिहिलेल्या नोंदवहीत तसा प्रयोग सापडत नाही. तिथे दिवे पेटले ते प्रयोगशाळेच्या आसपास.

टेस्लाचा मोठेपणा यामुळे कमी होत नाही. आपल्या घरात येणारी एसी वीज आणि विहिरीवरची इंडक्शन मोटार यांच्या मुळाशी त्याचे काम आहे. शेतकऱ्याने त्याचे आभार मानायचे तर मोटारीसाठी मानावेत. जे झालेच नाही ते ‘दडपले’ म्हणून मुलांना सांगितले की ती खऱ्या गोष्टीचा अभ्यास सोडून कटाच्या गोष्टी शोधत बसतात. हे फक्त विजेच्या बाबतीत होत नाही. आपल्या समाजातही ‘आमचे सगळे ज्ञान दुसऱ्यांनी चोरले’ असे म्हणून पुस्तक बंद करणारे कमी नाहीत.

चिराग अली लेनमधले 200 वॅट

आता आपल्या भागाकडे येतो. धाराशिव तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्याला उस्मानाबाद म्हणत. याच काळात, 1917 मध्ये, हैदराबादेत दारुत्तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग सुरू झाला. उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूतून शिकवायचे होते, त्यासाठी पुस्तके हवी होती आणि पुस्तकांसाठी शब्द हवे होते. लासिलकीसारखे शब्द नुसत्या शब्दकोशात नव्हते, ते वर्गात आणि कचेरीत चालत होते.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला याच शहरात महबूब अली नावाच्या गृहस्थांनी चिराग अली लेनमधल्या आपल्या राहत्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केले. ते टपाल-तार खात्यात नोकरीला होते. त्यांचा प्रक्षेपक होता 200 वॅटचा. आज एखाद्या घरातले तीन पंखे जेवढी वीज घेतात, साधारण तेवढा. 3 फेब्रुवारी 1935 रोजी निजाम सरकारने ते केंद्र ताब्यात घेतले आणि ते डेक्कन रेडिओ म्हणून ओळखले जाऊ लागले. मुख्य भाषा उर्दू, सोबत तेलुगू, मराठी, कानडी आणि इंग्रजी. पोलीस कारवाईनंतर, एप्रिल 1950 मध्ये, ते आकाशवाणीत सामील झाले. मराठवाड्याच्या इतिहासात निजामाच्या रेडिओचा उल्लेख येतो, पण त्याची सुरुवात एका नोकरदार माणसाच्या घरगुती हौसेतून झाली, हे क्वचितच सांगितले जाते.

बिनतारी विजेच्या विषयात रेडिओ कशाला, असे वाचक विचारतील. कारण त्या काळातला साधा क्रिस्टल रेडिओ हा बिनतारी विजेचा सर्वात प्रामाणिक नमुना आहे. त्याला बॅटरी नसते. झाडावर किंवा गच्चीवर ताणलेली लांब तार, जमिनीत पुरलेली दुसरी तार, मध्ये एक गुंडाळी, गॅलिना नावाच्या शिशाच्या खनिजाचा खडा आणि कानाला लावायचा हेडफोन. खड्यावर बारीक सुई टेकवायची आणि आवाज येईपर्यंत हलवत राहायची. कानात जो आवाज येतो तो दूरच्या केंद्राने हवेत सोडलेल्या विजेवरच चालतो. या खड्याच्या उपयोगाचे पेटंट अमेरिकेत 1904 मध्ये मिळाले ते आपल्या जगदीशचंद्र बोस यांना.

बोस यांनी 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडून बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजवली होती आणि बंदुकीच्या दारूचा बार उडवला होता. पाहणाऱ्याला वाटावे की घंटेची ताकद हवेतून आली. हवेतून आली ती फक्त खूण. घंटा वाजवणारी वीज घंटेजवळच्याच बॅटरीत होती. खुणेने कळ दाबली गेली, एवढेच. मशिदीच्या भोंग्यावरून अजान ऐकून माणूस उठतो आणि चालत येतो. आवाज त्याला उचलून आणत नाही, चालण्याची ताकद त्याची स्वतःचीच असते. खूण पाठवणे आणि ताकद पाठवणे यांत हा फरक आहे. मार्कोनीचे काम थोड्या विजेवर झाले आणि टेस्लाचे अडले, त्याचे मोठे कारण इथे आहे. मार्कोनीला फक्त खूण पाठवायची होती, टेस्लाला ताकद.

ताकद किती पोहोचते, त्याचा साधा हिशेब मुलांना फळ्यावर करून दाखवता येतो. महबूब अलींचे 200 वॅट चारी दिशांना सारखे पसरले असे धरू. दहा किलोमीटरवर ते जेवढ्या अर्धगोलावर पसरतील त्याचे क्षेत्रफळ सुमारे 63 कोटी चौरस मीटर. म्हणजे एका चौरस मीटरच्या वाट्याला आला एका वॅटचा साधारण तीस लाखावा भाग. हैदराबाद ते धाराशिव सरळ रेषेत सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. तिथे त्याच्याही साडेसातशेव्या हिश्श्याच्या आसपास. प्रत्यक्षात लहरी जमिनीलगत आणि आकाशात वेगवेगळ्या वाटांनी जातात, आकडे बदलतात. पण अंतर दुप्पट झाले की वाटा चौपट घटतो, हा नियम बदलत नाही. कानाला ऐकू येण्यासाठी फार कमी ताकद पुरते, म्हणून जवळच्या केंद्राचा आवाज क्रिस्टलवर येतो. दिव्याला ती पुरणार नाही, विहिरीच्या मोटारीची तर बातच नको.

एक तार, गावोगाव

टेस्लाचे पृथ्वीचे स्वप्न दुसऱ्या एका वाटेने खरे झाले, तेही गरीब आणि विरळ वस्तीसाठी. न्यूझीलंडचा अभियंता लॉइड मॅन्डेनो याने 1925 च्या सुमारास दूरच्या शेतवस्त्यांना एकाच तारेने वीज देण्याची पद्धत बसवली. परतीची वाट जमीन. आज ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून अशा एकतारी वाहिन्या सुमारे दोन लाख किलोमीटर आहेत.

ही पद्धत सुरक्षित का राहते, ते समजून घ्यायला हवे. तारेत वीज 19,100 व्होल्टच्या आसपास असते. दाब जास्त असला की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो. 20 किलोवॅट द्यायचे तर 19,100 व्होल्टला जेमतेम 1 अँपिअर पुरतो. 230 व्होल्टला त्याच कामाला 87 अँपिअर लागतील. जमिनीत खोल पुरलेल्या रॉडांचा रोध 5 ओहम धरला, तर 1 अँपिअरला रॉडवर 5 व्होल्ट येतात. त्यावर गाय उभी राहिली तरी काही होत नाही. आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर लावून घरात नेहमीची दोन तारांचीच वीज दिली जाते. यातली एकही गोष्ट वगळली तर पद्धत जीवघेणी होते.

आपल्याकडे ती वगळूनच चालते. शेतातल्या कोठ्यावर फेजची एक तार आणायची, दुसऱ्या तारेऐवजी लोखंडी रॉड किंवा जुना पाइप जमिनीत ठोकायचा आणि बल्ब लावायचा, ही युक्ती मराठवाड्यात माहीत नसलेला माणूस सापडणे कठीण. ‘न्यूट्रल नाही मिळाली, अर्थिंगवर घेतली’ हे वाक्य इतके सहज बोलले जाते की त्यात काही चूक आहे असे वाटतच नाही. डीपीजवळ न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते, म्हणून वीज रॉडमधून मातीत उतरते आणि डीपीपर्यंत परत जाते. बल्ब पेटतो. श्टाइनहाइलचा शोध आमच्या शेतकऱ्याने पुस्तक न वाचता लावला, असे कौतुकाने म्हणावेसे वाटते.

पण हिशेब करून पाहा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, बल्ब मंद होतो, म्हणून रॉडवर मिठाचे पाणी ओततात. समजा त्या रॉडचा रोध 20 ओहम आला आणि कुणी बल्बऐवजी 5 अँपिअर घेणारे काही जोडले. रॉडवर 100 व्होल्ट आले. रॉडजवळ दाब जास्त, जसजसे दूर जावे तसा कमी. त्या ओल्या जागेवरून चालणाऱ्याच्या एका पायाखाली एक दाब आणि दुसऱ्या पायाखाली दुसरा. माणसाची दोन पावले जवळ असतात. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि मध्ये काळीज. म्हणून आधी जनावर पडते. त्याला सोडवायला धावलेला माणूस नंतर. रॉडपासूनची तार नुसती तुटली तरी बल्बपलीकडच्या त्या मोकळ्या टोकावर पूर्ण दाब असतो, आणि बल्ब विझलेला असल्याने ‘लाइट गेली’ समजून माणूस ते टोक हातात घेतो. मृगाच्या पहिल्या पावसात बैलजोडी गेल्याच्या, बापलेक गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

हे सगळे शेतकऱ्याच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ 20 जून 1960 रोजी स्थापन झाले. हैदराबाद शहरात हुसेनसागरच्या काठी वीजघर उभे राहिले होते ते 1920 मध्ये. राजधानीत वीज आली आणि मराठवाड्याच्या खेड्यांनी पुढे कित्येक दशके कंदिलावर काढली. वीज आली तेव्हाही गावठाणाला वेगळी, शेताला वेगळी, तांड्याला आणि वस्तीला सर्वात शेवटी. भारनियमनाने रात्रीच्या वेळा दिल्या. जिथे नीट दोन तारा पोहोचत नाहीत तिथे माणूस एका तारेवर भागवणारच. त्यामुळे गरज आहे ती कायदेशीर जोडणी सोपी आणि स्वस्त करण्याची, डीपीची न्यूट्रल आणि अर्थिंग वेळच्या वेळी तपासण्याची. पण ते होईपर्यंत रॉडचा धोका आपल्या पोरांना आपणच शिकवला पाहिजे.

टेबलावरचा प्रयोग काय सांगतो

आता पुन्हा त्या दोन प्रयोगांकडे. एका तारेवर एलईडी पेटतो तेव्हा दुसरी वाट खरोखर नसते का? असते. गुंडाळीतली वीज सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलते. इतक्या वेगाला हवेतूनही वाट मिळते. एलईडी, टेबल, धरणाऱ्याचा हात आणि जमीन मिळून एक लपलेला कपॅसिटर तयार होतो आणि थोडी वीज त्यातून ये-जा करते. हात जवळ नेला की एलईडी जास्त उजळतो, कारण हातच परतीची वाट होतो. रशियात स्तानिस्लाव अव्रामेन्को यांच्या नावाने ओळखली जाणारी जोडणी, म्हणजे तारेच्या टोकाला उलटसुलट लावलेले दोन डायोड, हौशी लोक यासाठीच वापरतात. सीएफएल पेटतो तो त्यातला वायू या वेगवान विजेच्या क्षेत्रात उजळतो म्हणून. आणि 9 व्होल्टची बॅटरी? ती भराभर उतरते, ट्रान्झिस्टर बोट लावू नये इतका तापतो. मोफत काही नाही. बॅटरीतून गेलेली वीज आणि दिव्यात आलेली वीज मोजून फलकावर लिहिली, तर तोच प्रयोग दुप्पट मोलाचा होईल.

दूरवर ताकद पाठवण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत, आणि ते कुणी दडपलेलेही नाहीत. विल्यम ब्राउन यांनी 1964 मध्ये मायक्रोवेव्हच्या झोतावर छोटे हेलिकॉप्टर हवेत तरंगते ठेवले. 1975 मध्ये अमेरिकेतल्या गोल्डस्टोन येथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दीड किलोमीटरवर 30 किलोवॅटहून जास्त वीज पोहोचवली, पण त्यासाठी प्रचंड अँटेना आणि समोर पत्र्यांची भिंत लागली. 2007 मध्ये एमआयटीच्या मंडळींनी दोन मीटरवरचा 60 वॅटचा बल्ब तारेविना पेटवला, सुमारे 40 टक्के वीज पोहोचली. आज काही मोबाइल चकतीवर ठेवून चार्ज होतात, ते याच कुळातले. चकतीपासून चार बोटे उचलले की चार्जिंग बंद. म्हणजे ओशॉनेसीचा दुसरा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

हौशी माणसाचे मोल मला कुठे कळले ते सांगतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली, सास्तूर-लोहारा भागातली गावे ढिगारा झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. खांब आडवे झाले, तारा तुटल्या, टेलिफोन बंद पडले. त्या दिवसांत हौशी बिनतारी चालक, ज्यांना हॅम म्हणतात, आपले संच आणि बॅटऱ्या घेऊन या भागात आले आणि निरोप पोहोचवत राहिले. खूण पोहोचवायला थोडीच ताकद लागते, हा बोस आणि महबूब अलींचा धडा त्या दिवशी माणसांच्या कामी आला. कुठे औषध हवे, कुठे तंबू हवे, कोण जिवंत आहे.

हॅमचा परवाना आपल्या देशात वयाच्या बाराव्या वर्षापासून मिळू शकतो. केंद्र सरकारची परीक्षा असते, अभ्यासक्रम दहावीच्या विज्ञानाच्या फार पुढचा नाही. उर्दू शाळेतल्या आणि जिल्हा परिषदेच्या मुलांपैकी किती जणांना हे माहीत आहे? आपल्या मोहल्ल्यांत रेडिओ दुरुस्ती, मोटार वाइंडिंग, वायरिंग करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या दुकानात काम शिकणाऱ्या मुलाला सोल्डरिंग येते, मल्टिमीटर येतो. येत नाही ती फक्त ओहमच्या नियमाची एक ओळ, आणि ती शिकवणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे, मग आम्ही कोणताही विषय शिकवत असू. मराठीत आणि उर्दूत ती ओळ सहज सांगता येते.

या वर्षी प्रदर्शनाचे फलक माझ्याकडे येतील तेव्हा मी ‘मोफत वीज’ खोडून तिथे तीन प्रश्न लिहायला सांगणार आहे. वीज कुठून आली, कोणत्या वाटेने परत गेली, आणि मध्ये किती हरवली. चौथा प्रश्न फलकावर मावणार नाही, तो घरी विचारायचा: आपल्या शेतातला दिवा दोन तारांवर आहे की एका तारेवर? ज्याच्या घरी उत्तर ‘एका’ असे येईल, त्याच्या वडिलांना मी शाळेत चहाला बोलावणार आहे. सोबत आमच्या ओळखीचा एक वायरमनही असेल.